मुलाला फिगर स्केटर व्हायचंय? उड्या नका मोजू, वर्षं मोजा

हिवाळी ऑलिंपिकचे दिवस आले, की काही घरांत मोजे घालून फरशीवर गिरक्या सुरू होतात. सोफ्यावरून उडी मारून एका पायावर उतरायचे प्रयोग होतात, एखादी कपबशी फुटते आणि ‘मला हेच शिकायचंय’ अशी घोषणा होते. बहुतेक घरांत हे खूळ महिन्याभरात ओसरतं. ज्या घरात ते ओसरत नाही, तिथल्या आईवडिलांसाठी हा लेख.

अशी मराठी घरं दोन प्रकारची असतात. काही न्यू जर्सीत, टोरांटोत किंवा कॅलिफोर्नियात आहेत. तिथे बर्फाची रिंक घराच्या आसपास असते आणि शाळेतली निम्मी मुलं हॉकीसाठी तिथेच जात असतात. दुसरी घरं पुण्यामुंबईतली. तिथला मुलगा सोसायटीच्या आवारात चाकांच्या स्केट्सवर तयार झालेला असतो आणि आता त्याला बर्फ हवा असतो. दोघांचे रस्ते वेगळे, पण दोघांनाही सांगायची गोष्ट एकच. पहिल्या धड्यापासून निवृत्तीपर्यंत पुरुष स्केटरची वाटचाल साधारण वीस वर्षांची असते. त्यातली वरच्या पातळीवरची वर्षं फार तर सात-आठ. पालक मात्र ‘या आठवड्यात कुठली उडी बसली’ यावर हिशोब मांडतात. बहुतेक चुकीचे निर्णय याच घाईतून होतात.

आधी गुणांचं गणित समजून घ्या

पुरुष एकेरीची स्पर्धा दोन भागांत होते. शॉर्ट प्रोग्रॅम २ मिनिटं ४० सेकंदांचा असतो आणि त्यात ठरलेले सात घटक करावे लागतात. फ्री स्केट ४ मिनिटांचा असतो. २०१८ पर्यंत तो साडेचार मिनिटांचा होता. दोन्हींत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. जागतिक स्पर्धेत आणि ऑलिंपिकमध्ये शॉर्ट प्रोग्रॅममधल्या पहिल्या २४ जणांनाच फ्री स्केट करायला मिळतो.

उड्या सहा प्रकारच्या: टो लूप, साल्कोव्ह, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सल. यातली ॲक्सल तेवढी पुढे तोंड करून घेतात, त्यामुळे तिच्यात अर्धा फेरा जास्त होतो. प्रत्येक उडीला मूळ किंमत असते. २०१८ मध्ये ठरलेल्या तक्त्यानुसार चार फेऱ्यांच्या, म्हणजे क्वाड टो लूपला ९.५, क्वाड लुट्झला ११.५ आणि क्वाड ॲक्सलला १२.५ गुण. परीक्षक त्यावर उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी देतात आणि श्रेणीची प्रत्येक पायरी मूळ किमतीच्या दहा टक्क्यांची असते.

आता हा हिशोब करून बघा. मुलाने क्वाड टो लूप घेतली आणि तो पडला. उणे पाच श्रेणीमुळे ९.५ चे ४.७५ झाले, पडल्याचा आणखी एक गुण गेला, हाती राहिले ३.७५. त्याच जागी त्याने तीन फेऱ्यांची लुट्झ सफाईने घेतली असती, तर ५.९ मूळ गुणांवर अधिक तीन श्रेणीने ७.६७ मिळाले असते. फेरा अपुरा राहिला तर मूळ किंमतच कापली जाते, तो तोटा आणखी वेगळा. याशिवाय रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य यांचे स्वतंत्र गुण असतात आणि ते उडीच्या नादात विसरले जातात.

मोठ्या स्पर्धांचा इतिहासही दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकने एकही क्वाड न घेता सुवर्ण जिंकलं. क्वाड घेणारा रशियाचा येवगेनी प्लुशेन्को दुसरा आला. आठ वर्षांनी प्याँगचँगला नेथन चेन शॉर्ट प्रोग्रॅममध्ये कोसळून सतरावा राहिला. मग फ्री स्केटमध्ये त्याने सहा क्वाड घेतल्या, त्या भागात सगळ्यांत जास्त गुण मिळवले आणि एकूण पाचवा आला. आज क्वाडशिवाय व्यासपीठ जवळपास अशक्य आहे, हे खरं. पण २०२२ मध्ये बीजिंगला जेसन ब्राऊन क्वाडविना सहावा आला, तेही खरं. त्याचा पाया, म्हणजे ब्लेडच्या कडेवरचं नियंत्रण, गिरक्या आणि संगीताची जाण, इतका पक्का होता. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पैसा आणि वेळ या पायावर घालवा. उड्यांना पुढे वेळ मिळतो, पाया राहून गेला तर तो भरून काढणं अवघड जातं.

एक लक्षात ठेवा: आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाची काँग्रेस दर दोन वर्षांनी भरते आणि नियम बदलते. हंगाम १ जुलैला सुरू होतो. त्याआधी नवे नियम प्रशिक्षकाकडून समजून घ्यायची सवय लावा.

बर्फ कुठे मिळेल?

परदेशातल्या पालकांनी थेट खाजगी प्रशिक्षक गाठू नये. अमेरिकेत ‘लर्न टू स्केट यूएसए’ आणि कॅनडात ‘कॅनस्केट’ हे गटवर्ग आहेत. एक-दोन वर्षं तिथे काढा. मुलगा पडून पडून कंटाळत नसेल, थंड रिंकवरून निघायचं नाव काढत नसेल, तरच पुढचं पाऊल टाका.

महाराष्ट्रातल्या पालकांना सरळ सांगायला हवं, की देशात बर्फ दुर्मीळ आहे. शिमल्याची जुनी उघडी रिंक हिवाळ्यातल्या थंडीच्या भरवशावर चालते. देहरादूनची मोठी बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली, मग ती वर्षानुवर्षं बंद पडून होती आणि २०२५ मध्ये पुन्हा उघडली. बाकी मॉलमधल्या लहान रिंका. त्यामुळे इथल्या मुलाची खरी शाळा चाकांवरच भरते.

चाकांवरून बर्फावर काय काय नेता येतं? तोल, हातांची शिस्त, एका पायावर उतरायची सवय, पडायची भीती नसणं. काय नेता येत नाही? बर्फाच्या ब्लेडच्या तळाला बारीक खोबण असते. तिच्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन धारा होतात आणि सगळं स्केटिंग त्यांच्यावर चालतं. ब्लेड लांबीतही किंचित कमानदार असते, पुढे दात असतात. ही जाण बर्फावरच येते. म्हणून मुलाला वर्षातून एक-दोन वेळा सलग काही आठवडे बर्फाच्या शिबिराला पाठवा. अधूनमधून तासाभरासाठी मॉलमध्ये नेण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग हीसुद्धा स्वतंत्र कारकीर्द आहे. २०१० च्या ग्वांगजो आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुपकुमार यामाने पुरुष एकेरीत आणि अवनी पांचाळबरोबर जोडीत कांस्यपदकं मिळवली. मुलगा या वाटेवर खूश असेल, तर बर्फाच्या हट्टापायी ती वाट मोडू नका.

मॉलच्या रिंकवरून किती लांब जाता येतं, याचीही उदाहरणं आहेत. फिलिपिन्सचा मायकल मार्टिनेझ मॉलमधल्या बर्फावर शिकला आणि २०१४ मध्ये सोचीला १९ वा आला. मेक्सिकोचा डोनोव्हन कॅरिलो याच्या गावची रिंक बंद पडली, तेव्हा तो प्रशिक्षकापाठोपाठ लेऑन शहरात गेला, तिथल्या मॉलमध्ये सराव केला आणि बीजिंगला २२ वा आला. पदकापर्यंत जायचं असेल, तर मात्र एका टप्प्यावर घर सोडावं लागतं. माद्रिदचा हाविएर फर्नांदेझ सतराव्या वर्षी शिकायला अमेरिकेत गेला, पुढे टोरांटोत ब्रायन ऑर्सरकडे आला, २०१५ आणि २०१६ मध्ये जगज्जेता झाला आणि २०१८ मध्ये त्याने ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं. त्याच्या देशात या खेळाची परंपरा जवळपास नव्हतीच.

वयाप्रमाणे काय मागायचं

दहाव्या वर्षापर्यंत मुलाकडून एकच गोष्ट मागा: आनंदाने रिंकवर जाणं. सोबत जिम्नॅस्टिक्स, पोहणं, नाच असं काहीही चालेल. नेथन चेन लहानपणी जिम्नॅस्टिक्स आणि बॅले दोन्ही शिकला. नाचाच्या वर्गाला नातेवाईक हसतील, वर्गमित्र चिडवतील. स्केटिंगच्या वर्गात मुली जास्त आणि मुलगे थोडे असतात, त्यामुळे मुलगा एकटा पडतो. रिंकवर त्याच्या वयाचे एक-दोन मित्र शोधून देणं हे तुमचं काम. चिडवण्यावर घरात एकदा तरी मोकळेपणी बोला. कित्येक मुलगे उडी येत नाही म्हणून सोडत नाहीत, चिडवणं सोसवत नाही म्हणून सोडतात.

दहा ते तेरा हा दुहेरी उड्या पक्क्या करायचा आणि तिहेरीची ओळख व्हायचा काळ. अमेरिकेत याच सुमारास जुव्हेनाईल, इंटरमिजिएट, नोव्हिस अशा पायऱ्या चढल्या जातात. पायरी लवकर चढली म्हणून फुशारून जाऊ नका.

तेराव्या वर्षापासून आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा खुल्या होतात आणि एकोणीसपर्यंत खेळता येतात. वयाची मोजणी १ जुलैला धरतात. नेमकी याच वर्षांत उंची झपाट्याने वाढते. गुरुत्वमध्य सरकतो, हातपाय लांबतात आणि गेल्या वर्षी सहज बसणाऱ्या उड्या हातातून निसटतात. मुलाला वाटतं, आपण संपलो. घरच्यांना वाटतं, प्रशिक्षक बदलावा. दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत. उंची वाढत असताना उड्यांची संख्या कमी करा आणि गिरक्या, पावलांच्या मालिका, संगीत यांवर भर द्या. मुलग्यांची ताकद नंतर, सोळा-सतरापासून चांगली वाढते. हे वर्ष-दोन वर्षं धीर धरणारी घरंच पुढे टिकतात.

इथे नियमही तुमच्या बाजूने आहे. सीनिअर गटाचं किमान वय पूर्वी १५ होतं. २०२२ च्या काँग्रेसने ते टप्प्याटप्प्याने वाढवायचं ठरवलं आणि २०२४-२५ च्या हंगामापासून ते १७ झालं. पंधराव्या वर्षी मुलगा सीनिअरमध्ये नाही, म्हणून मागे पडला असं मुळीच होत नाही.

शरीर हेच भांडवल

क्वाडमध्ये स्केटर पाऊण सेकंदाहून कमी वेळ हवेत असतो आणि एकाच पायावर उतरतो. उतरताना पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट सांगितला जातो. हे दिवसाला डझनावारी वेळा, तेही कडक बुटांत, जिथे घोट्याला वाकायला फारशी जागा नसते. त्यामुळे घोटा, गुडघा, कंबर आणि खुबा ही दुखण्याची नेहमीची ठिकाणं. नेथन चेनच्या खुब्याला २०१६ मध्ये, सोळाव्या वर्षी दुखापत होऊन शस्त्रक्रिया झाली. युझुरू हान्यू २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये क्वाड लुट्झच्या सरावात पडला, उजवा घोटा दुखावला आणि तीन महिन्यांनी थेट ऑलिंपिकमध्ये उतरून त्याने दुसरं सुवर्ण जिंकलं. ही गोष्ट मुलांना फार आवडते. त्याच हान्यूने त्यानंतरची जागतिक स्पर्धा दुखापतीमुळे सोडली, हेही त्यांना सांगा.

घरी पाळायच्या गोष्टी:

- प्रशिक्षकाशी बोलून आठवड्याच्या अवघड उड्यांची कमाल संख्या ठरवा आणि वहीत लिहा. मोजलं नाही, तर मुलगा ‘आणखी एकदा’ म्हणत राहतो.
- नवी उडी आधी जमिनीवर आणि मग दोरीच्या आधाराने, ज्याला रिंकवर हार्नेस म्हणतात, शिकवली जाते का ते पाहा.
- एकाच जागी दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, तर खेळाडूंच्या डॉक्टरांना दाखवा. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका.
- आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती आणि हंगामानंतर काही आठवडे बर्फापासून सुट्टी.
- आहारावर बारीक नजर ठेवा. वजन घटवण्याचा दबाव फक्त मुलींवर असतो हा गैरसमज आहे. अमेरिकेच्या ॲडम रिपनने २०१८ मध्ये उघडपणे सांगितलं, की बारीक होण्यासाठी आपण दिवसाला पावाच्या मोजक्या तुकड्यांवर राहत होतो. मुलगा जेवण टाळू लागला, सतत थकला, वारंवार हाडांना इजा झाली, तर आहारतज्ज्ञ गाठा. रिंकवर सगळ्यांदेखत वजन करणारा प्रशिक्षक नको.

पैशाचा हिशोब आधीच मांडा

खर्चाची यादी लांब असते: रिंकचे तास, खाजगी धडे, बूट, ब्लेड, धार लावणं, कोरिओग्राफी, पोशाख, संगीताचं संकलन, परीक्षा आणि स्पर्धेचं शुल्क, प्रवास, फिजिओ. वरच्या दर्जाचे बूट आणि ब्लेड मिळून हजार डॉलरच्या पुढे सहज जातात. वाढत्या वयात पाय मोठा होतो आणि उड्या घेणाऱ्याचे बूट घोट्यापाशी लवकर मऊ पडतात, त्यामुळे ही खरेदी पुन्हा पुन्हा होते. स्पर्धात्मक पातळीवर अमेरिकेत वर्षाचा खर्च हजारो डॉलरपासून सुरू होतो आणि वरच्या पायरीवर त्याच्या कित्येक पट होतो.

परत काय मिळतं? ग्रां प्री मालिकेतली एक स्पर्धा जिंकणाऱ्याला काही वर्षांपूर्वीपर्यंत १८ हजार डॉलर मिळत. असे विजेते जगात वर्षाला पाच-सहाच. प्रायोजक आणि आइस शो यांतून पैसा येतो, तोही नाव झाल्यावर. थोडक्यात, हा खर्च गुंतवणूक समजून करू नका. मुलाच्या शिक्षणाचा खर्च समजा आणि घराला झेपेल तेवढाच करा. कर्ज काढून, भावंडाच्या वाटचं मोडून स्केटिंग चालवलं, तर प्रत्येक पडण्याचं ओझं मुलाच्या डोक्यावर बसतं. चेनला वाढवणाऱ्या घरात पाच भावंडं होती आणि सुरुवातीच्या काळात स्केट्स जुने, वापरलेले मिळत. लहान वयात जुने बूट चालतात, फक्त ते मोडलेले नसावेत आणि मापाचे असावेत. ‘पुढच्या वर्षी बसतील’ म्हणून मोठे बूट घेणं ही सगळ्यांत महाग काटकसर.

प्रशिक्षक निवडताना

पदकविजेता मोठा शिक्षक असतोच असं नाही. पण ऑर्सरसारखी माणसंही असतात. तो १९८४ आणि १९८८ असा दोनदा ऑलिंपिकमध्ये दुसरा आला आणि नंतर त्याच्या हाताखाली किम युना, हान्यू आणि फर्नांदेझ घडले. नावापेक्षा काही गोष्टी पाहा. त्याची तेरा-चौदाची मुलं वाढीच्या काळातून सुखरूप बाहेर पडलीत का? दुखापत झालेल्या मुलाशी तो कसा बोलतो? पालकांनी सराव पाहिलेला त्याला चालतो का? गिरकी, कोरिओग्राफी, व्यायाम यांसाठी तो इतरांची मदत घेतो का? सराव पाहू न देणारा, मुलाशी एकांतात खाजगी संदेश चालवणारा प्रशिक्षक कितीही थोर असो, दूरच ठेवा. अमेरिकेत अशा तक्रारींसाठी ‘सेफस्पोर्ट’ नावाची स्वतंत्र यंत्रणा २०१७ पासून आहे.

प्रशिक्षक बदलायचाच असेल, तर हंगाम संपल्यावर बदला आणि आधीच्या सरांना किंवा मॅडमना स्वतः जाऊन सांगा. स्केटिंगचं जग लहान आहे, तीच माणसं पुन्हा भेटतात.

कुठल्या देशाकडून?

परदेशातल्या घरांत हा प्रश्न उशिरा उठतो. ऑलिंपिकसाठी त्या देशाचं नागरिकत्व लागतंच. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय कार्ड म्हणजे पासपोर्ट नव्हे. अमेरिकी किंवा कॅनेडियन पासपोर्ट घेतलेल्या मुलाला ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरता येणार नाही. एकदा एका देशाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्यावर देश बदलायचा, तर आधीच्या महासंघाची परवानगी आणि थांबण्याचा काळ आड येतो. अमेरिकेत किंवा जपानमध्ये देशातल्या देशात जागा मिळवणं हेच मोठं दिव्य. भारताकडून जागा मिळणं तुलनेने सोपं, पण जागतिक स्पर्धेसाठी किमान तांत्रिक गुण सगळ्यांनाच कमवावे लागतात. मुलगा बारा-तेराचा असतानाच या विषयावर घरात आणि जाणकार वकिलाशी बोलून ठेवा.

शाळा सोडू नका

पुरुष एकेरीतले बरेच जण पंचविशीच्या आसपास थांबतात. हान्यूने सत्ताविसाव्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये स्पर्धा सोडून व्यावसायिक सादरीकरणाकडे वळत असल्याचं जाहीर केलं. तोवर वासेदा विद्यापीठाचं दूरशिक्षण त्याने पूर्ण केलं होतं. चेनने २०१८ मध्ये येलला प्रवेश घेतला, कॅलिफोर्नियातल्या प्रशिक्षकाशी दुरून संपर्क ठेवून सराव केला आणि २०१९ चं जागतिक विजेतेपद राखलं. ऑलिंपिकआधी त्याने शिक्षणातून रजा घेतली, २०२२ चं सुवर्ण मिळवलं आणि परत जाऊन पदवी पुरी केली. अभ्यासामुळे स्केटिंग बिघडतं, हे या दोघांनी खोटं ठरवलं. उलट बर्फाबाहेर ओळख असलेला मुलगा एका वाईट स्पर्धेने मोडून पडत नाही.

स्पर्धेनंतरही खेळातच राहता येतं. २००८ चा जगज्जेता जेफ्री बटल कोरिओग्राफर झाला, स्तेफान लाँबिएल प्रशिक्षक, जॉनी वेअर समालोचक. तांत्रिक पंच, क्रीडा फिजिओ, धार लावणारे कारागीर अशीही कामं आहेत. सोळा-सतराव्या वर्षी लहान मुलांचे वर्ग घ्यायची संधी मिळाली, तर मुलाला घेऊ द्या. पॉकेटमनी मिळतो आणि शिकवायला आवडतं का, तेही कळतं.

दरवर्षी एकदा बसा

मे-जूनमध्ये हंगाम संपलेला आणि पुढचा सुरू न झालेला असतो. त्या दिवसांत मुलाबरोबर बसा, प्रशिक्षकाला त्या वेळी बोलावू नका. चारच प्रश्न विचारा. पुढचं वर्ष तुला हवंय का? काय दुखतंय? शाळेत काय अडतंय? घराला किती झेपतंय? पहिल्या प्रश्नाला मुलाने नाही म्हटलं, तर बाकीच्यांची उत्तरं काहीही असोत, थांबा. हो म्हटलं आणि दुसऱ्या किंवा चौथ्या प्रश्नाचं उत्तर वाईट असेल, तर बेत लहान करा: कमी स्पर्धा, कमी प्रवास, एखादं वर्ष फक्त सराव. राष्ट्रीय संघात न पोचलेलाही मुलगा विद्यापीठाच्या संघात, आइस शोमध्ये किंवा रविवारच्या रिंकवर पुढची चाळीस वर्षं स्केटिंग करू शकतो, मात्र पंधराव्या वर्षी त्याचा घोटा आणि त्याची हौस दोन्ही शाबूत राहायला हवीत.